दिलेल्या तुकड्यात

ठिपका दोन मिलिमीटरचा होता, फार तर अडीच. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, डावीकडे, ओठाच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर. रंग पांढरा, पण दुधासारखा नव्हे. फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटाच्या टोकासारखा. कडा नीट गोल नव्हती आणि वर बारीक कंगोरे होते. पाच महिन्यांपूर्वी जिथून तुकडा काढला होता, त्या वणाला तो अगदी लागून होता.

धाकटा भाऊ हसला तेवढ्या वेळात ताईने हे सगळं पाहून घेतलं. गेली अठ्ठावीस वर्षं ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात बसवलेल्या मांसाचे काप काढत होती. मिलिमीटर मोजायला तिला पट्टी लागत नसे.

भाऊ सोफे आणि खुर्च्या मढवायचा. लहानपणी हाती लागेल ती वस्तू ठोकत बसायचा म्हणून घरात त्याचं नाव ठोक्या पडलं, आणि पुढे पोटापाण्याचा धंदाही तोच झाला. आत्ता तो हसला होता बायकोच्या बोलण्यावर. ती खिडकीजवळच्या यंत्रावर गाद्यांच्या खोळी शिवत होती.

"पिनांची बंदूक घ्या म्हणते मी," भावजय ताईला सांगत होती. "सगळ्यांनी घेतली. पण यांचा चेहरा असा होतो, जसं काही मी यांना लढाईवर पाठवतेय."

"तोंडातल्या चुका काढ आधी, मग हस," ताई ठोक्याला म्हणाली. "एखादी गिळशील."

त्याने तळहातावर नऊ चुका थुंकल्या. चुका म्हणजे पसरट डोक्याचे, नखाएवढे खिळे. जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर त्या तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे आणतात आणि हातोडीच्या लोहचुंबकाने ओठांवरूनच उचलून लाकडात मारतात. दोन हातांपैकी एक कापड ताणायला मोकळा राहतो. ठोक्या हे सोळाव्या वर्षापासून करत होता आणि चुका ठेवायची त्याची जागा ठरलेली होती: खालचा ओठ, डावी बाजू.

"घे," तो हात पुढे करत म्हणाला. "आयुष्यभराच्या सगळ्या."

"सगळ्या? नऊच?" भावजय म्हणाली. "मी बावीस वर्षं मोजतेय. माझा आकडा वेगळा आहे."

"ओठ दाखव," ताई म्हणाली.

"तू खुर्ची बघायला आलीस की ओठ?"

खुर्ची ताईच्या लॅबमधल्या डॉक्टरांची होती. लाकडी हातांची, उंच पाठीची. त्यांनी ती मायक्रोस्कोपसमोर वीस वर्षं झिजवली होती. आता तिचं कापड, गोणपाट, काथ्या सगळं उतरवलेलं होतं आणि नुसता सांगाडा टेबलावर उलटा पडला होता.

"खिडकीपाशी ये. तोंड वर कर."

तो कुरकुरत आला. तिने अंगठ्याने ओठ उलटवला आणि पांढऱ्या ठिपक्याच्या बाजूला हलकेच दाबलं. खाली काहीतरी घट्ट लागलं. फार नाही. पिकत आलेल्या फळात कच्चा भाग राहावा, तेवढंच.

"कधीपासून आहे?"

"चूक टोचली असेल."

"कधीपासून, म्हटलं."

यंत्र थांबलं. "महिना झाला," भावजय म्हणाली. "मी विचारलं की मला भिंत दाखवतात."

भिंतीवर रिपोर्ट होता. चार कोपऱ्यांत चार चुका मारून, एखादं प्रमाणपत्र लावावं तसा लावलेला. ताईला तो पाठ होता. 'दिलेल्या तुकड्यात पॅपिलोमा, म्हणजे निरुपद्रवी स्वरूपाची वाढ दिसते. दिलेल्या तुकड्यात कॅन्सरची लक्षणे आढळली नाहीत. वाढीचा तळ दिसत नाही.' ठोक्याने 'निरुपद्रवी' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती.

"वाच," तो म्हणाला. "निरुपद्रवी. माझ्याबद्दल असं कुणी पहिल्यांदाच लिहून दिलंय."

"म्हणून तर लावलंय भिंतीवर," भावजय म्हणाली.

"आणि शेवटची ओळ?"

"ती तुम्हा लोकांची सवय. औषधाच्या बाटलीवरसुद्धा लिहिता, मुलांपासून दूर ठेवा. आमच्याकडे मुलं आहेत कुठे? दोघंही दाढ्या करतात."

ताई हसली नाही. तिने टेबलावरच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. "ही वरून चांगली दिसत होती. मग लाकडापर्यंत कशाला उघडलीस?"

"खुर्चीला दुखत नाही, ताई." तो आता गंभीर झाला. "मागच्या वेळी टाके पडले, तर तीन आठवडे मी वाटीतून चुका वेचत होतो, एकेक. पाणी प्यायलो तरी हनुवटीवरून ओघळायचं. आता सभागृहाच्या चाळीस खुर्च्या अंगावर घेतल्यात. सर्जनच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तपासायला या म्हणून. मी सांगितलं, माझ्याकडे लेखी आहे. आणि खरं सांगू? कागदावर तुझ्या लॅबचं नाव आहे. सगळं तुझ्या हाताखालून गेलंय. मग मी तुझ्यावर विश्वास ठेवू की नको ठेवू?"

ताईने बोटं रुमालाला पुसली आणि खुर्चीला कुठला रंग शोभेल ते सांगितलं. गडद हिरवा.

परत जाताना ती दोन थांबे आधी उतरली आणि चालत गेली.

तोंडाच्या अस्तरावर अशा खरखरीत वाढी येतात, त्यांतल्या दोन तिच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. वरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी. दोघी पांढऱ्या, दोघींना बारीक बोटांसारखे उंचवटे. एक सगळी अस्तराच्या वर उभी असते. खाली तिचं काही नसतं. ती काढली की विषय संपला. दुसरीही घाई करत नाही, दूरवर पसरत नाही, दुखतसुद्धा नाही. पण ती खाली दबाव टाकत जाते, रुंद, बोथट पायांनी, आधी ओठाच्या मांसात आणि वेळ मिळाला तर जबड्याच्या हाडापर्यंत. तीही वेळेवर काढली तर माणूस बरा होतो. ओठाची एक पाचर जाते, इतकंच. उशीर झाला तर किती जातं, हे तिने बरणीत पाहिलं होतं. दोघींमधला फरक फक्त तळाशी कळतो. म्हणून असा तुकडा मेणात बसवताना तो उभा, कडेवर ठेवायचा असतो, म्हणजे वरपासून तळापर्यंत सगळे थर एकाच कापात येतात. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकीला ताई हे पहिल्या दिवशी शिकवायची. "केक कापतो तसा काप हवा," ती सांगायची. "वरचं क्रीम तासायचं नाही."

पाच महिन्यांपूर्वी त्या बाटलीवर तिने आपल्याच माहेरचं आडनाव वाचलं. घरच्यांचा नमुना आपण हाताळायचा नाही, दुसरीला द्यायचा, हा नियमही तिचाच होता. तिने तो पाळला नाही. इतर कुणाच्या हाती तो तुकडा द्यावासा वाटेना. आणि हातात घेतल्यावर, नेहमी ज्या भिंगाखाली ती प्रत्येक तुकडा उलटसुलट करून वरची बाजू आणि तळ ओळखायची, त्या भिंगाखाली तिने तो धरलाच नाही. पाहायचं नव्हतं तिला. काही वाईट दिसलं तर ते सगळ्यांत आधी आपल्याला दिसू नये, असं काहीतरी मनात होतं. तिने चिमट्याने तुकडा साच्यात सोडला, वर मेण ओतलं. मेण गोठायला क्षण पुरतो.

तुकडा आडवा बसला होता. तळ पात्याच्या बाजूला. मेणाचा तो ठोकळा, म्हणजे ब्लॉक, सपाट करण्यासाठी सुरुवातीला जे जाड काप काढून फेकतात, त्यांतच तळ गेला. पातळ कापांची पहिली रिबीन कोमट पाण्यावर पसरली तेव्हाच तिला कळलं: थरांच्या जागी नुसती वर्तुळं होती, कांद्याच्या चकत्यांसारखी.

डॉक्टरांनी स्लाइड पाहिली आणि चरफडले. "ही सर्जन मंडळी वरवर खरवडून पाठवतात आणि आपण भविष्य सांगायचं. बाई, ब्लॉक फिरवून काही मिळेल का?"

"काही उरलेलं नाही, डॉक्टर," ती म्हणाली.

हे जवळजवळ खरं होतं. डॉक्टरांनी तिचा शब्द आजवर कधी तपासला नव्हता. त्यांनी दिसलं तेवढं लिहिलं आणि शेवटी ती एक ओळ टाकली.

मग ठोक्याने फोनवर आरडाओरडा करून आनंद साजरा केला, भावजय रडली, आणि सांगायचं राहून गेलं. जखम भरू दे, मग सांगू. टाके निघू देत. वाढ परत आलीच नाही तर सांगायची गरजही नाही. तिकडे ठोक्या दिवसातून चारदा मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होता आणि इकडे ताई मिठाची गुळणी धरून बसली होती.

ठोक्याच्या दुकानातून आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली तेव्हा तिने खणातून तो ब्लॉक काढला. नंबर पाहायची गरज नव्हती. मेणात नखाच्या पापुद्र्याएवढं काहीतरी उरलं होतं. तिने ब्लॉक वितळवला, तो पापुद्रा भिंगाखाली धरला आणि या वेळी पुरता वेळ घेऊन पाहिला. त्या दिवशी तुकडा पूर्ण सपाट बसला नव्हता. एक टोक किंचित उचललेलं राहिलं होतं. त्या टोकाशी थोडा तळ वाचला होता. केसाच्या जाडीच्या चार-पाचपट, जास्त नाही.

तिने तो कडेवर उभा केला. गार केला. पातं नवीन लावलं. श्वास रोखून काप काढायच्या यंत्राचं चाक फिरवलं. पहिले दोन काप गोळा झाले, तिसरा चिरला. चौथा, पाचवा आणि सहावा पाण्यावर सरळ पसरले. तिने ते काचेवर घेतले, वाळवले, रंगवले. हे सगळं होईपर्यंत सुट्टी संपून तास उलटला होता आणि डबा तसाच राहिला होता.

मायक्रोस्कोपखाली अस्तराचा वरचा भाग ओळखीचा होता, बोटांसारखे उंचवटे. ती स्लाइड हळूहळू उजवीकडे सरकवत गेली. शेवटच्या टोकाशी एक फुगवटा खाली उतरत होता. रुंद, बोथट. बाजूच्या पेशी त्याने दाबून सरकवल्या होत्या. आणि नेमका तिथेच तुकडा संपत होता.

निदान करणं तिचं काम नव्हतं, आणि एवढ्यावर डॉक्टरांनाही करता आलं नसतं. एक फुगवटा म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. चुका टोचून टोचून अस्तर जाड होतं, तेव्हाही ते असं खाली उतरू शकतं. पण 'निरुपद्रवी' या शब्दाखाली रेघ ओढण्याइतकं आता काही उरलं नव्हतं. दुसरा तुकडा हवा होता, खोल, आणि नीट उभा ठेवलेला.

एवढं कळल्यावर सरळ उठून डॉक्टरांच्या खोलीत जायला हवं होतं. ती गेली नाही. तिने स्लाइडवर नंबर घातला आणि डॉक्टरांच्या संध्याकाळच्या ट्रेमध्ये, इतरांच्या मधोमध, ती ठेवून दिली. त्यांना आपोआप दिसेल. ते विचारतील. त्यांनी विचारलं की सांगता येईल.

डॉक्टरांनी विचारलं. दारातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "बाई, या एका स्लाइडबरोबर फॉर्म नाहीये."

"बघते," ताई म्हणाली.

त्यांनी ती न पाहताच बाजूला ठेवली. बिनफॉर्मची स्लाइड वाचायची नाही, हा त्यांचा नियम होता, आणि त्यांनी तो पाळला.

असे तीन दिवस गेले. बुधवारी डॉक्टर एकटे सापडले, पण फोनवर होते. गुरुवारी त्यांचं डोकं दुखत होतं. रोज काहीतरी असायचंच, आणि रोज तिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याचा राग यायचा. नव्या मुलीने एक तुकडा जरा तिरका बसवला तर ताई तिच्यावर इतकी कडाडली की ती पोर बेसिनपाशी जाऊन रडली. ताईने तिला चहा दिला, पण माफी मागितली नाही. घरी नवऱ्याने विचारलं, "कोणाशी भांडलीस?" ती म्हणाली, "अजून नाही."

शुक्रवारी सकाळी ठोक्या खुर्ची घेऊन आला. डोक्यावर उलटी धरून, जिन्याने तीन मजले चढून, कारण लिफ्टमध्ये ती पाठीमुळे मावेना. भावजय मागून रिकाम्या हाताने आली आणि धाप मात्र तिलाच लागली होती.

गडद हिरवं कापड, काठाने चुकांची एकसारखी रांग. डॉक्टर बसले, मागे रेलले, दोन्ही हातांवरून तळवे फिरवले. "वा! आता मी निवृत्त होत नाही."

"पाठ दुखली तर सांगा. दुखणार नाही," ठोक्या म्हणाला. "तुमचा कागद मी दुकानात भिंतीवर लावलाय, माहितेय ना?"

"कुठला कागद?"

"ओठाचा. निरुपद्रवी."

"अरे हो, तुम्ही बाईंचे भाऊ! कसा आहे ओठ?"

"मस्त. थोडं परत आलंय, पण प्रकार तोच, निरुपद्रवी."

डॉक्टर रेललेले होते ते सरळ झाले. "परत आलंय? बघू."

ठोक्याने ओठ खाली ओढून दाखवला. डॉक्टरांनी दिवा वळवला आणि बराच वेळ पाहिलं. ताई दारात उभी होती. हातात रिकामा ट्रे होता. तो ठेवायचं तिला सुचलं नाही.

"पुन्हा तुकडा घ्यायला हवा," डॉक्टर म्हणाले. "मी तेव्हाच लिहिलं होतं, तळ दिसत नाही. त्या सर्जनने वरवर खरवडून पाठवलं होतं. आता जरा दुसऱ्या कुणाकडे जा, नीट हात चालवणाऱ्याकडे."

"म्हणजे पुन्हा टाके?" ठोक्या ओठ सोडून म्हणाला. "डॉक्टर, चाळीस खुर्च्या आहेत. तुम्हीच लिहिलंत काही नाही म्हणून, आणि आता तुम्हीच म्हणता घ्या. सर्जनने खरवडलं म्हणता, पण त्याने तर असं खोल खोदलं होतं की मला वाटलं हनुवटीतून बाहेर येतोय. कोणाचं ऐकायचं माणसाने?"

"अहो, ते सांगताहेत तर ऐका ना," भावजय म्हणाली.

"ऐकतो ना. पण ते परके, सर्जन परका. आमची माहितगार घरातच आहे." तो दाराकडे वळला. "ताईने बघितलाय तो तुकडा स्वतःच्या हाताने. ताई म्हणाली दे, तर सोमवारी देतो. ताई म्हणाली थांब, तर वर्षभर थांबतो. सांग ग तू. काय करू?"

डॉक्टरही तिच्याकडे पाहू लागले. सहज, नेहमीच्या विश्वासाने, ब्लॉकमध्ये काही उरलंय का असं विचारताना पाहिलं होतं तसेच.

ताईने ट्रे टेबलावर ठेवला.

"सर्जनने बरोबर काढला होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पाच मिलिमीटर खोल, तळासकट. डॉक्टर, तो मी मेणात आडवा बसवला. भिंगाखाली न बघता. तळ मीच तासून फेकला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा काही उरलं नाही म्हणून सांगितलं. बिनफॉर्मची स्लाइड त्याचीच आहे, ती आज बघा." मग ती भावाकडे वळली. "ठोक्या, त्या कागदात तुझ्या ओठाबद्दल काही नाही. दिलेल्या तुकड्याबद्दल आहे, आणि तो तुकडा मी बिघडवला. सोमवारची वाट बघायची नाही. आजच सर्जनकडे जायचं, त्याच सर्जनकडे. ओठ पुन्हा कापायचा."